मोठ्या बाबांच्या फोटोला हार

बोरगाव मेघे, वर्धा
५ जानेवारी

ती. स्व. मोठ्या आईस,
मोहिनीचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

तुझा मोबाइल कायम दुकानाच्या गल्ल्यावर, आणि आपलं बोलणं अर्ध्या कारंज्याला ऐकू जातं. म्हणून तू म्हणालीस तसं कागदावरच लिहिते. मोठ्या बाबांचं बायपासचं ऑपरेशन नागपूरला बावीस तारखेला ठरलं, हे बाबांना त्यांच्या या मोठ्या भावाचा फोन आला तेव्हा कळलं. मोठे बाबा घाबरलेत का? तू तर घाबरली असशीलच.

मागे तू विचारलं होतंस की ही जुनी इंग्रजी नाटकं मी काऊन वाचते, ज्यात माणूस मरता मरता पानभर बोलतो. खरं सांगू? पुस्तकात मलाही कंटाळाच आला होता. पण मॅडमनी एका नाटकाचा जुना सिनेमा वर्गात लावला आणि मी रडले गं. एक विधवा बाई भिंतीवरच्या नवऱ्याच्या तसबिरीशी बोलते. जन्मभर जे बोलली नाही ते सगळं. तसबीर काय उत्तर देणार!

तोच प्रवेश आम्ही मार्कांसाठी मराठीत करून मोबाइलवर चित्रित केला. बाई मीच. इंग्रजी सिनेमात तसबीर नुसतीच आहे, पण तालमीला आलेल्या मुली म्हणाल्या, नवरा दुबईला नोकरीला गेलेला वाटतो. मग मी हार घातला. फोटो मोठ्या बाबांचा घेतला, आईबाबांच्या लग्नातला, कोटातला. त्यांच्या मिशा अगदी साहेबासारख्या आहेत ना! व्हिडिओ तुझ्या फोनवर पाठवलाय, बघून कसा वाटला ते कळव.

रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.
तुझी,
मोहिनी


कारंजा (घाडगे)
९ जानेवारी

चि. मोहिनीस,
मोठ्या आईचे अनेक आशीर्वाद.

पोरी, तुले दुसरा कोणाचा फोटो नाई भेटला? जित्या माणसाच्या फोटोले हार घालत नाई, हे तुले तुझ्या आईनं सांगतलं नाई का मीच सांगायचं राह्यलं?

फोन गल्ल्यावर होता. तुझा व्हिडिओ यांनीच पहिले पाह्यला. एका बाईची तूर डाळ मोजून देत होते. डाळ मोजून झाली, पिशवी हातात दिली, अन् मंग भर दुपारी दुकानाचं शटर खाली घेतलं. मी विचारलं काय झालं, तर फोन माझ्यापुढं धरला. तू पांढऱ्या साडीत, अन् तुझ्यामागं हे. हारात.

तवापासून एकच म्हणून राह्यले, नागपूरले जायचं नाई. हार पडला, आता कापाकापी कशाले. डॉक्टरनं साफ सांगतलं होतं की तिन्ही नसा बंद आहेत, उशीर केला तर हमी नाई. यांना समजावते तर भिंतीकडं तोंड करून बसतात. मी मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली, मारुतीले नारळ फोडला. हिंगणीच्या कौशल्याबाईले, म्हणजे तुझ्या आत्याले, कोणीतरी तो व्हिडिओ दाखवला, तर ते फोनवर रडाले लागली. हे जरा खोकले का मी उठून बसते. जेवता जेवता थांबले तरी मी हातातलं टाकून पाहाले जाते.

तू आज हा हार काढ. पवनारले जा अन् धाम नदीत सोड. फोटोसमोर पेढा ठेव. अन् मले लिही.

माया आटली नाई, पण सध्या भेवानं झाकली आहे, एवढं समजून घे.
तुझी,
मोठी आई


बोरगाव मेघे, वर्धा
१३ जानेवारी

ती. स्व. मोठ्या आईस,
शि. सा. नमस्कार. वि. वि.

पत्र आलं तसं बाबांना घेऊन पवनारला गेले. हार सोडला. तो पुलाच्या खांबाशी अडकला. बाबांनी काठीने ढकलला तेव्हा कुठे गेला. फोटो पुसून देवघरात ठेवलाय, पुढे पेढा. व्हिडिओ मैत्रिणींच्या फोनमधून माझ्यासमोर पुसायला लावला. मॅडमना सांगितलं, मार्क नका देऊ.

मोठी आई, मी या असल्या गोष्टी मानत नाही असं सगळ्यांना सांगत फिरायची. आता घरातला फोन वाजला की आतल्या खोलीत पळते. मोठ्या बाबांना काही झालं तर ते नसांमुळे झालं, असं डॉक्टर म्हणतील. मला तसं म्हणता येणार नाही.

त्यांना म्हण, मला हवं ते बोला, दोन थपडा मारा, पण नागपूरला जा. त्यांनी फक्त हार बघितला, पुढचं बघितलंच नसेल. मूळ सिनेमा पाठवतेय. त्यात हार नाही. बघतील का?

माझ्यावरचा लोभ त्यांच्याकडे मागायची हिंमत नाही, तुझ्याकडे मागते.
तुझी,
मोहिनी


कारंजा (घाडगे)
१७ जानेवारी

चि. मोहिनीस,
धनंजयचे, म्हणजे तुझ्या मोठ्या बाबांचे, आशीर्वाद.

मी पत्र लिहिणारा मानूस नाई, हिशोब लिहिणारा. तरी लिहून राह्यलो. पहिले हे ऐक, का तुझ्यावर राग नाई. होता, आता नाई.

तुझ्या मोठ्या आईनं तो इंग्रजी सिनेमा लावला. भाषा काई समजली नाई, बाई समजली. काय रडते, काय भांडते त्या तसबिरीसंग! मले पहिले वैताग आला. एवढं होतं तर जिता होता तवाच बोलाचं होतं. मंग बाजूले पाह्यलं तर तुझी मोठी आई पदर तोंडात धरून बसलेली. मले वाटलं होतं ते माझ्या जिवाच्या भेवानं रडून राह्यली. पण तिची नजर त्या बाईवरून हलत नव्हती.

मी विचारलं, मी गेलो तर तू फोटोसंग काय बोलशील. ते म्हणे दूध उतू जाईल, अन् उठून गेली. दूध तं चुलीवर नव्हतंच.

तवापासून मले मरणाचं नाई, त्याचंच भेव लागून राह्यलं. लग्नाले एवढी वर्षं झाली अन् मले ठाऊक नाई का तुझी मोठी आई काय बोलंल. नागपूरले जातो. तू परीक्षा सोडून येऊ नको. भेव आहेच, खोटं काऊन बोलू. रातच्याले छातीवर हात ठेवूनच झोपतो.

आहे तोवर लोभ आहे, पुढंही राहावा असं वाटते.
तुझे,
मोठे बाबा


नागपूर
२३ जानेवारी

चि. मोहिनीस,
मोठ्या आईचे अनेक आशीर्वाद.

ऑपरेशन झालं. तू फोनपासून पळतेस म्हणून हे पहिले लिहिते, म्हणजे तू श्वास घेशील.

काल यांना आत नेलं तवा मी दवाखान्याच्या पायरीवर बसली होती. समोर हारवाल्याचं दुकान. तिकडं पाठ करून बसली, तरी झेंडूचा वास येतच होता. तुझे बाबा चहा आणत, मी तो तसाच थंड होऊ देत होती. दरवेळी दार उघडलं का मले वाटे, आता माझंच नाव घेतात. शेवटी डॉक्टर आले अन् म्हणाले, झालं व्यवस्थित, पण पुढचं अजून सांगता येत नाई.

आज श्वासाची नळी काढल्यावर मले एकटीलेच आत सोडलं. मोहिनी, ते तसेच होते गं. डोळे मिटलेले, चेहरा सरळ, मिशा कोणीतरी नीट केलेल्या. अगदी फोटो. मशीनवर रेघ हलत होती, पण मले तिच्यावर भरवसा नव्हता.

अन् मी बोलली. काय बोलली ते तुले सांगते, कारण आजवर कोणाले सांगतलं नाई. लग्न झालं त्या सालीच मले शाळेतल्या नोकरीची ऑर्डर आली होती. डी.एड. झाली होती मी, पहिल्या नंबरानं. यांनी कागद वाचला, अन् दुकानात कोण बसंल एवढंच म्हणाले. मी घडी घालून ठेवून दिला. मी म्हटलं, "तुम्ही मले विचारलं नाई. एक डाव विचारलं असतं तं मी हो म्हणून दुकानातच बसली असती. पण विचाराचं होतं." अन् रडत सुटली, त्या तुझ्या इंग्रजी बाईसारखी, दवाखान्याचं भान सोडून.

डोळे उघडले नाई यांचे. ओठ तेवढे हलले. मले वाटलं पाणी मागतात, म्हणून कान जवळ नेला.

"ऐकून राह्यलो," ते म्हणाले. "पुढं सांग."

तेवढ्यात सिस्टरनं बाहेर काढलं. उद्या परत सोडतील, तवा सांगीन. अजून भेव आहे, डॉक्टर म्हणतात काई दिवस धोका राहील.

तू जीव लावून अभ्यास कर, अन् आमच्यावर माया ठेव, आम्हाले तिची लय गरज आहे.
तुझी,
मोठी आई