विल्यम डनबारचा शेजार

सिकंदराबाद,
१४ ऑगस्ट

प्रिय मीना,

फोनवर तू दोनदा विचारलंस, विल्यमचं काय झालं, आणि दोन्ही वेळा मी विषय बदलला. आत्ता दुपारी डॅडी झोपलेत, म्हणून लिहायला बसले. सावकाश वाच. अक्षर लागलं नाही तर आमच्या जावयांना, प्रथमेशरावांना, वाचायला सांग.

डॅडींची भावंडं तरुणपणीच ऑस्ट्रेलियाला गेली. हे माझ्यासाठी मागे राहिले. सुलतान बाजारातल्या माझ्या माहेरच्यांनी नऊ वर्षं आम्हांला दारात उभं केलं नाही. चौतीस वर्षं गार्डाची नोकरी झाली, अख्खी रेल्वे कॉलनी त्यांना ‘दरबारसाब’ म्हणायची, पण डनबार म्हणून इथे ते एकटेच. रिटायर झाल्यावर छावणीतल्या जुन्या कब्रस्तानात त्यांना ती कबर दिसली. विल्यम डनबार, अ‍ॅबर्डीन, १८९१. त्यांचे पणजोबा जेम्सही तिकडूनच, विलायतेहून, रेल्वेच्या कामावर आलेले. तेव्हापासून दोघे भाऊ असणार, हे यांच्या डोक्यात बसलं.

अकरा वर्षं चर्चची रजिस्टरं पाहिली. वाळवीनं खाल्लेली पानं ते उलगडायचे आणि नावं मी उतरवून घ्यायची. माझी कंबर गेली त्यात. एकदा वैतागून म्हटलं, मेलेल्यांची सोयरीक जुळवून काय मिळणार आहे? तेव्हा ते म्हणाले, त्या कब्रस्तानात आता नव्यांना जागा देत नाहीत, रक्ताचं माणूस असेल तरच त्याच्या शेजारी पुरतात. आपल्या नावाचं एक तरी माणूस शेजारी असावं, एवढंच. मी पुढचं नाव उतरवून घेतलं.

गेल्या महिन्यात अ‍ॅबर्डीनहून, तिथल्या जुन्या नोंदी शोधून देणाऱ्या बाईंची मेल आली. जेम्सची आई शेतावर कामाला होती. बापाचं नाव नोंदीत नाही. विल्यम निराळ्याच गावचा. आपल्याकडे गावोगाव कुलकर्णी सापडतात ना, तसे तिकडे डनबार. नात्याचा कुठलाही पुरावा नाही, असं तिनं स्वच्छ लिहिलं होतं.

संध्याकाळी डॅडींनी टॅब माझ्या हातात दिला आणि म्हणाले, वाच. जन्मभर पोरांना खरं बोलायला शिकवणारी मी. आणि वाचून दाखवलं, दोघे सख्खे भाऊ होते. त्यांनी विचारलं, मोठा कोण? मी म्हटलं, विल्यम.

आठ दिवस ते खोटं तसंच चालवलं. जागेसाठी कब्रस्तानाच्या कमिटीकडे अर्ज केलेला, त्यांना नात्याचा कागद दाखवावा लागणार, आणि कागद तर नाहीच. रविवारी मीच बोलायला लागले, तर त्यांनी हात धरून थांबवलं. “मालूम है मेरे कू. उस दिन सुबह इच पढ़ लिया था मैं.” मग मला कशाला वाचायला लावलंत, म्हटलं. तर म्हणाले, “तू क्या पढ़ती, वो सुनना था.”

नंतर ते पलंगावर आडवे झाले. मग विचारलं, तुमच्यात राख कुठे नेतात? मी सांगितलं, माझ्या बाबांची बासरला गोदावरीत सोडली होती, माझीही तिथेच सोडतील. “तो मेरी बी उधरीच,” म्हणाले, आणि कूस बदलून झोपले. दुसऱ्या दिवशी कमिटीकडचा अर्ज मी परत घेतला. पाद्रीसाहेबांना त्यांनी स्वतःच फोन करून सांगितलं.

आता जे लिहायचं ते. डॅडींच्या पोटात गॅस धरतो असं मी तुला सांगत आले, तो गॅस नाही. डॉक्टरांनी फार तर दोन महिने सांगितलेत. नवी नोकरी सोडून तू धावत येशील, म्हणून त्यांनी मला शपथ घातली आहे. फोनवर तू विचारशील, मी रडेन, आणि ते शेजारच्याच खुर्चीत असतात. त्यांना मराठी वाचता येत नाही, म्हणून हे पत्र. मी थकले ग मीना. आणखी एक खोटं माझ्यानं निभणार नाही. सहज आले म्हण, पण ये.

तुझीच,
आई