सतराव्या नावाचा होकार

२१ सप्टेंबर, रविवार

— आणि त्या सकाळी मी वाल सोलत बसले होते. पाणी भरून झालं होतं, भात उतरवला होता, ह्यांचा कंपनीचा शर्ट दोरीवर वाळत होता. बिरड्याचे वाल कोमट पाण्यात टाकले की साल सुटते, पण बोटांची टोकं पांढरी पडतात. हे समोर चटईवर पवित्र शास्त्र उघडून पेन्सिल तासत होते. पुढच्या रविवारी मी पहिल्यांदा देवळात मंडळीपुढे वाचणार होते. म्हणाले, ‘इथं एक रेघ मारतो, इथं दम घे. दोन रेघा असतील तिथं थांब. पुढं जायची घाई करू नको गो, लोकांना ऐकायला वेळ लागतो.’ एवढंच. एकवीस वर्षं झाली. अजून त्या रेघांवरच वाचते.

ही सकाळ आज का आठवली, तर उपासना संपल्यावर आमचा चिटणीस सुजय वाचनाच्या मेजाशी आला. माझं वाचन नुकतंच संपलेलं, मी तिथेच उभी. त्याने माझ्या खांद्याला खांदा लावून नोटीस वाचली. पेणच्या महासभेने मे महिन्यात घटनेत दुरुस्ती सुचवली आहे. कलम नऊ. यापुढे मंडळीत शास्त्र वाचणारी व्यक्ती किमान दहावी पास आणि महासभेचं प्रमाणपत्र घेतलेली असावी. पाच ऑक्टोबरला रोहा मंडळीने यावर मत द्यायचं आहे.

मी चौथीत शाळा सोडली. अक्षर ओळखीचं झालं ते लग्नानंतर, गायनपुस्तकातून, स्वतःचं स्वतः. पाळकसाहेब पेणहून महिन्यातून एक रविवार येतात. बाकीचे तीन रविवार मीच वाचते. हे सगळ्यांना माहीत आहे. पण नोटीस चालू असताना कोणी माझ्याकडे पाहिलं नाही. सगळे आपापल्या चपलांकडे बघत होते. त्या न बघण्याची किळस आली.

२४ सप्टेंबर

ह्यांच्या ट्रंकेतून घटनेची निळी पुस्तिका काढली. कलम एकवीस तीनदा वाचलं. घटना बदलायची तर आधी महासभेत दोन तृतीयांश मतं. मग बाराही मंडळ्यांकडे विचारणा. दोन रविवार नोटीस वाचायची. मग मंडळीची सभा, तिथेही दोन तृतीयांश. जे येऊ शकत नाहीत त्यांनी त्या दिवशी संध्याकाळपर्यंत आपलं मत चिटणीसाला कळवायचं. निकाल पंधरा दिवस फळ्यावर लावायचा, तेवढ्यात कोणाची हरकत असली तर लेखी द्यायची. बारातल्या आठ मंडळ्या हो म्हणाल्या की बदल झाला.

किती सांभाळून लिहिलंय. घाईघाईत कोणी काही करू नये म्हणून. लिहिणारी माणसं चांगली असणार.

सात मंडळ्यांचा होकार आलाय म्हणे. आमचा आठवा.

२८ सप्टेंबर, रविवार

दुसरी नोटीस वाचली. बाहेर नम्रता थांबली होती. वीस वर्षांची मैत्रीण. हे गेले तेव्हा तीन रात्री माझ्याजवळ झोपली होती.

‘रंभा गो, वाईट नको वाटून घेऊस. पण आता शिकलेल्या पोरी हायत आपल्यात.’

‘हायत ना. तुझी सून अपेक्षा वाचेल काय?’

‘ती कसली वाचते! तिला एक रविवार मिळतो झोपायला.’

‘मग कोण वाचेल, नमे?’

‘ते पेणवाले बघतील.’

म्हणजे कोणी वाचणार नाही. पण मी वाचायचं नाही, एवढं ठरलं.

३० सप्टेंबर

धरमतरच्या बाजूला, मिठागराकडच्या मंडळीत शांती म्हणून एक बाई वाचते. कोळीण. तिसरी पास. तिच्या मंडळीने होकार दिलाय. तिला कोणी विचारलं असेल का?

५ ऑक्टोबर, रविवार

सभा झाली. यादीत चोवीस नावं, आले नऊ. बाकीचे पनवेल, पुणे, कोणी आखातात. विठूकाका अध्यक्ष, कारण मंडळीच्या वडीलजनांत ते सगळ्यात थोरले. ऐकू कमी येतं, म्हणून सुजय त्यांच्या कानात ओरडून सांगत होता आणि विठूकाका मोठ्याने विचारत होते, ‘पण आपल्या रंभेचं वाचन वाईट हाय काय?’

हात वर झाले. बाजूने पाच. नम्रताचा हात वर होता, कोपरातून वाकलेला, जसा काय आपला नाहीच. विरोधात चार. त्यात माझा. स्वतःसाठी हात वर करायला लाज वाटली, पण केला.

पाच आणि चार. दोन तृतीयांश होत नाहीत. सुजय म्हणाला, ‘न आलेल्यांचं फोनवर विचारून घेतो.’ विचारू दे.

वरशाला घरापर्यंत चालत आले. हलकं वाटत होतं.

७ ऑक्टोबर

देवळाची किल्ली ह्या महिन्यात माझ्याकडे. झाडायला गेले तर फळ्यावर निकाल लागलेला. खाली सुजयच्या अक्षरात:

क्र. ६, किमया: फोनवर होकार.
क्र. ११, आदेश: फोनवर होकार.
क्र. १७: फोनवर होकार.

एकूण आठ विरुद्ध चार, म्हणजे दोन तृतीयांश. मंजूर.

सतरा नंबरला ह्यांचं नाव आहे.

केरसुणी हातात, मी तीनदा वाचलं. आधी हसू आलं, खोटं कशाला लिहू. अडीच वर्षं झाली त्यांना मातीत ठेवून, आणि फोनवर होकार. मग मागे नळाशी जाऊन चूळ भरली, तरी तोंडाची चव जाईना. आयुष्यभर ज्या माणसाने मी वाचावं यापलीकडे दुसरा हट्ट धरला नाही, त्याच्या तोंडी हे घातलं — हिचं वाचन बंद करा.

८ ऑक्टोबर

पहिल्या शिफ्टची बस येते त्या थांब्यावर सुजयला गाठलं. हातात डबा, डोळे झोपेचे. वाईट मुलगा नाही. ह्यांनीच त्याला कंपनीत चिकटवलं होतं.

‘सुजय, काकांना कुठल्या नंबरवर फोन केलास?’

आधी कळलं नाही. मग कळलं. कानापर्यंत लाल झाला.

‘काकी, घाई होती. पेणहून सारखे फोन. किमयाला केला, आदेशला केला. मग जानेवारीत हजर असलेल्यांची खूण बघत गेलो... लिहिता लिहिता लिहिलं गेलं.’

‘मग पूस.’

त्याने डबा दुसऱ्या हातात घेतला. मग म्हणाला, ‘पाळकांना कळवून झालंय. आणि काकी, नाव तर यादीत हायच ना. तुमीच ठेवलंय. हजर तर तुमीच म्हणालात.’

मी घरी आले. खरं आहे ते.

जानेवारीच्या पहिल्या रविवारी आमच्यात यादी वाचतात. एकेक नाव, आणि ज्याचं नाव त्याने उठून ‘हजर’ म्हणायचं. हे गेले त्याच्या पुढच्या जानेवारीत सतरावं नाव आलं. काढायला कोणाला सुचलंच नव्हतं. सगळे गप्प. ती शांतता मला सोसली नाही. मी उठले आणि म्हटलं, ‘हजर.’ विठूकाकांनी डोळे पुसले. सुजयने बरोबरची खूण केली. यंदा पुन्हा तसंच. कोणी हटकलं नाही. मला वाटलं, केवढी मायेची माणसं.

पहिलं खोटं माझं. त्यांनी त्याच्यावर मजला चढवला.

११ ऑक्टोबर, शनिवार

एसटीने पेण. रामवाडीला उतरून पाळकसाहेबांकडे चालत गेले. माहेर जवळच, पण गेले नाही. तोंड दाखवण्यासारखं नव्हतं.

पाळकबाईंनी पोह्याचे पापड तळून दिले. पाळकसाहेबांनी माझं सगळं ऐकून घेतलं, चष्मा पुसला. म्हणाले, ‘चूक झाली, मान्य. पण रंभाबाई, घटना काय म्हणते? यादीत नाव तो सभासद. आणि कुटुंबाने लेखी दिल्याशिवाय नाव काढता येत नाही. तुम्ही काही दिलेलं नाही. कागदावर ते आहेत.’

‘साहेब, अंत्यविधी तुम्हीच केलात.’

‘केला ना. कागदावर म्हणतोय मी.’

नंतर खुर्ची पुढे ओढली. आवाज खाली आणला. ‘एक करू. तुम्ही हरकत घेऊ नका. तुमच्यापुरता अपवाद करून घेतो. सन्माननीय वाचक. तहहयात. प्रमाणपत्र नको, काही नको. आणि साळवींचं नावही राहू दे यादीत. आम्हाला तरी कुठे काढायचंय? जानेवारीत म्हणा की हजर.’

मी विचारलं, ‘आणि धरमतरची शांती?’

‘प्रत्येकीला कसा अपवाद करणार?’

पापड तसाच ठेवून उठले.

सगळ्यात घाण गोष्ट ही लिहायची आहे. परतीच्या एसटीत नागोठण्यापर्यंत मी मनात हो म्हणत होते. मेजही राहतं, नावही राहतं. माझं काहीच जात नाही. इतकं गोड वाटलं. मग स्वतःचीच शिसारी आली.

१२ ऑक्टोबर, रविवार

वाचलं. रेघ आली तिथे दम घेतला. दोन रेघा आल्या तिथे थांबले. जास्तच थांबले. नम्रता खोकली.

१६ ऑक्टोबर

हरकत लिहायला बसले. एकच ओळ पुरे: क्रमांक सतरा यांचं निधन झालेलं असल्याने त्यांचा होकार धरू नये, व नाव कमी करावं. ‘निधन’पर्यंत लिहिलं. कागद फाडला. पुन्हा. चार कागद गेले.

हॉस्पिटलात लिहून दिलं होतं मी, पंचायतीत दिलं, कंपनीत दिलं. रेशनकार्डावरून नाव गेलं तेव्हाही सही केली. एवढी एकच यादी उरली आहे जिथे अजून आमची नावं एकाखाली एक आहेत. सतरा आणि अठरा.

शेजारची सुगरा वाटीभर साखर मागायला आली. मुलगा तमीम कतारला, दोन वर्षांत आला नाही, पण तिची जीभ काही गंजली नाही. कागद बघून विचारलं, मी सांगितलं. बसली आणि पोट धरून हसली. ‘फोनवर? अगो, मग आवाज कसा होता भावजींचा?’

मला राग आला. मग मीपण हसले. पुष्कळ दिवसांनी.

जाताना दारात थांबली. ‘त्यांच्या मोबाइलचा नंबर तू बंद केलास ना?’

‘व्हय. सहा महिन्यांनीच.’

‘का?’

‘कोणीपण कायपण मेसेज टाकायचं. हे बघू शकत नव्हते, उत्तर देऊ शकत नव्हते.’

‘मग,’ म्हणाली, आणि साखर न घेताच गेली.

१७ ऑक्टोबर

वाटी इथेच राहिली तिची. साखर घालून देऊन आले.

१९ ऑक्टोबर, रविवार

पाळकसाहेब प्रभुभोजनासाठी आले होते. माझ्याकडून होकार नव्हता गेला, पण नकारही नव्हता गेला. उद्या हरकतीची मुदत संपते. त्यांनी न विचारताच मेजाशी उभं राहून जाहीर केलं की रंभाबाई साळवी यांची मंडळीच्या सन्माननीय वाचक म्हणून शिफारस होणार आहे. ‘आणि आपले प्रिय साळवी हेही या मोठ्या निर्णयात आपल्या सोबत होते.’

टाळ्या वाजवल्या. देवळात! एरवी लहान मूल हसलं तरी डोळे वटारतात. नम्रता सगळ्यात जोरात. सुजय मान खाली घालून बसला होता, त्याने वाजवल्या नाहीत. विठूकाका शेजाऱ्याला विचारत होते, ‘कोण सोबत होता?’

मला भाकर आणि रस घेण्यासाठी पुढे बोलावलं. मी गेले नाही. लग्नानंतर पहिल्यांदा जागेवर बसून राहिले. तोंडात काही जाईल असं वाटेना.

बाहेर नम्रता हात धरून म्हणाली, ‘बघ, झालं ना तुझ्या मनासारखं? उगाच जीव खात होतीस.’

मी म्हटलं, ‘नमे, ह्यांना मातीत ठेवलं तेव्हा तू माझ्या डाव्या बाजूला उभी होतीस.’

तिने हात सोडला. ‘तूच तर हजर म्हणालीस गो,’ म्हणाली. टोमणा नव्हता. डोळ्यांत पाणी होतं तिच्या. ‘आम्ही काय करणार? तुला कसं सांगायचं?’

२० ऑक्टोबर, सोमवार

सकाळी वाल भिजत टाकले आणि सुजयच्या घरी गेले. यादी मागितली, त्याने टेबल पुसून पुढे ठेवली. सतराव्या ओळीला पट्टी लावली आणि शांतवन बाबाजी साळवी या नावावर दोन रेघा मारल्या. पुढे लिहिलं, मयत, १३ फेब्रुवारी २०२३, होकार धरू नये, आणि खाली माझी सही केली.