दुसरी बाही

प्रिय टिल्लू,

सभागृहाबाहेरच्या पोस्टरवर तुझं नाव एवढ्या मोठ्या अक्षरांत होतं की तुला टिल्लू म्हणायला जीभ रेटत नाही. तुझ्या भाषणाला मी आले होते, हे तुझ्याशिवाय कुणाला ठाऊक नाही. बाबांना वाटतंय, मी डॉक्टरांकडे गेले होते. तुला एक गोष्ट समोरासमोर सांगायची होती. फोन केला की तुझी ती मदतनीस गोड आवाजात म्हणते, सर कामात आहेत. म्हटलं, चला, भाषणातून कुठे पळून जाईल!

मागच्या रांगेतली कडेची खुर्ची धरली. तू आलास आणि मला आधी दिसला तो तुझ्या कोटाचा खांदा. उजवीकडे झोळ पडतो. कुणी शिवलाय रे? जन्मभर लोकांचे कपडे शिवले, त्यामुळे मेली नजर तिथेच जाते. त्यात ती दाढी. असो.

मग पडद्यावर तुझ्या कलाकृतीचा फोटो आला, आणि त्यात माझं शिलाई मशीन. गेल्या खेपेला ‘अडगळ कमी होईल’ म्हणून तू उचलून नेलंस, तेच. छताला उलटं टांगलेलं, आणि सुईत अडकलेला तुझा लहानपणीचा निळा शर्ट, एकाच बाहीचा. लोक श्वास रोखून बघत होते. मला हसू येत होतं, कारण उलटं टांगलं की मशीनचं तेल गळतं, खाली डाग पडले असणार. तेवढ्यात तू म्हणालास, “ही बाही जोडायची राहिली आणि माझी आई वारली. मी पहिलीत होतो.”

मी स्वतःला चिमटा काढून पाहिला. शेजारच्या बाईंनी डोळे पुसले, एक रुमाल माझ्याही हातात कोंबला आणि म्हणाल्या, “आज असती तर केवढी हरखली असती हो बिचारी!” मी म्हटलं, “हो ना.” दुसरं काय म्हणणार?

बाही का राहिली, ते तू विसरलास? तू तापातून उठलास तो एकदम उंच होऊन. अंगाला लावून पाहिला तर शर्ट आखूड. तू भोकाड पसरलंस, मी म्हटलं राहू दे, नवा शिवू. एवढंच झालं होतं रे.

प्रश्न विचारायची वेळ आली तेव्हा मी उभी राहिले. माईक हातात आला आणि तू माझ्याकडे पाहिलंस. ओळखलंस. पाण्याच्या ग्लासवर तुझा हात तसाच थांबला, लहानपणी चोरी पकडली की थांबायचा तसा. माझ्या एका वाक्याने तुझं होत्याचं नव्हतं झालं असतं. मी विचारलं, “मशीन अजून चालतं का?” तू म्हणालास, “नाही, मॅडम.” आणि पुढच्या प्रश्नाकडे वळलास. फार लागलं रे मला ते. तरी बाहेर थांबले होते. तू मागच्या दाराने निघून गेलास, असं शिपायाने सांगितलं.

सांगायचं होतं ते हे, की माझं पोटाचं दुखणं आता सगळीकडे पसरलंय. डॉक्टरांनी हात टेकले, औषधं आता नुसती कळा कमी करण्यापुरती. एकदा घरी ये, जवळ बस, एवढंच म्हणणार होते. आता नाही म्हणत. मी गेल्यावर बाबांचा फोन येईल, तेव्हाही येऊ नकोस. दारात चार माणसं असतील, कुणीतरी तुला ओळखेल, आणि मग लोकांना काय सांगशील? बाबांना मी समजावून ठेवलंय, तो कामात असेल म्हणून. सोबत निळी बाही पाठवते आहे. तेव्हाच कापून, टाचून ठेवली होती, कपाटात सापडली. जोडू मात्र नकोस, तुझं काम बिघडेल.

तुझीच,
आई