सासूबाईंची खुर्ची आणि माझा त्याग

रविवार, ता. ३
हिशेबाच्या वहीची मागची पानं फुकट जात होती, म्हणून ही रोजनिशी.
चर्चमध्ये प्रवचन बरं झालं. पाळकसाहेब म्हणाले, जे गेलं तर खरंच अडेल, ते द्या. वस्तू शनिवारपर्यंत हॉलमध्ये आणायच्या, नाव न सांगता. महिला मंडळ त्या गरजू घरी पोचवणार. माझ्या जावेने लगेच डोळे पुसले. ती डोळे पुसते, पर्स उघडत नाही.
मंडळाच्या सेक्रेटरीची निवड सतरा तारखेला आहे. त्याचा याच्याशी संबंध नाही. नुसतं लिहून ठेवते.

सोमवार, ता. ४
घरभर फिरले. अडचण अशी, की मला कशाचाच मोह नाही, त्यामुळे माझं असं देण्यासारखं काही निघत नाही. मिक्सर धरला नाही. तो मोह नव्हे, सोय आहे. यांचा रेडिओ बंद पडलाय, तो दिला तर त्याग दिसणार नाही.
शेवटी सासूबाईंची हातांची खुर्ची. घरातली एकुलती एक. त्यांचे गुडघे धरलेत, खुर्चीच्या हातांवर जोर दिल्याशिवाय उठता येत नाही. म्हणजे खरंच अडेल. ठरलं.

मंगळवार, ता. ५
सासूबाईंना सांगितलं. म्हणाल्या, अगं, मग उठताना काय देवाचा हात धरू? मी म्हटलं, तोच धरायचा. हे म्हणाले, तुझा मिक्सर दे की. यांना अध्यात्मातलं ओ की ठो कळत नाही.

शनिवार, ता. ९
खुर्चीला पॉलिश केलं. हे उचलायला आले नाहीत. पाठीत चमक भरली म्हणे. हातगाडीवाल्याला निम्म्या भाड्यावर आणलं. तो म्हणाला, बाई, देवाच्या कामात तरी घासाघीस करू नका. म्हटलं, देवाच्या कामाचे पैसे तूच घेतोयस.
गाडी बाजारातून नेली. लांब पडतं, पण रस्ता चांगला आहे.

रविवार, ता. १०
वस्तू पुढे मांडल्या होत्या. नाव सांगायचं नव्हतं. मी सात जणींनाच सांगितलं. पाळकबाईंना मुद्दाम नाही. त्यांच्या कानावर फिरून गेलेलं बरं.
जावेचा कुकर. लग्नात आलेला, खोकंसुद्धा फोडलेलं नाही. चर्च झाडणाऱ्या मावशीने शाल दिली. तपकिरी, एका कोपऱ्यात रफू. देवाला रफू! थंडीभर तीच अंगावर असायची. दुसरी असणारच तिच्याकडे. विचारायला गेले नाही.

बुधवार, ता. १३
सासूबाई उलट्या डब्यावर बसतात. उठवायला आम्ही दोघं लागतो. काल मी शेजारी गेले होते, तर दोन तास तशाच अडकून बसल्या. म्हणाल्या, हाक मारली गं, पण त्याचा हात काही आला नाही. उगाच टोमणे. संयम शिकायला चांगली संधी आहे. त्यांना.

गुरुवार, ता. १४
उद्या पाळकबाई घरी येणार, सोबत मावशी. सेक्रेटरीपदाचंच असणार. साधेपणा दिसायला हवा. पडदे काढले. मिक्सर, कपबश्या, चांगल्या चादरी कॉटखाली.

शुक्रवार, ता. १५
उत्तम झालं. चहा बिनसाखरेचा, स्टीलच्या पेल्यातून. पाळकबाईंनी उघड्या खिडक्या पाहिल्या, डब्यावरच्या सासूबाई पाहिल्या, आणि त्यांचे डोळे भरून आले. हळूच वही काढून नाव लिहिलं. मी वाकून वाचलं. माझंच. यादीत पहिलं.
सासूबाईंना त्यांनी विचारलं, काही त्रास? त्या म्हणाल्या, छे, सून फार देवभक्त आहे. पहिल्यांदाच खरं बोलल्या.
सेक्रेटरीच्या कामाला नवी वही आणली.

रविवार, ता. १७, सकाळी सव्वाआठ
दारात हातगाडी. तोच गाडीवाला. वर खुर्ची, माझंच पॉलिश, आणि घडी केलेली तपकिरी शाल. चिठ्ठी बांधलेली: गरजू कुटुंब, क्रमांक एक.
सगळी गल्ली गोळा झाली. गाडीवाला म्हणाला, बाई, या खेपेचं भाडं चर्चने दिलंय, पूर्ण. मावशी बरोबर आली होती. म्हणाली, कुणीतरी फार मनापासून दिलीय हो, नावसुद्धा सांगितलं नाही. सासूबाई म्हणाल्या, हो ना, फारच मनापासून.
मावशीने हात पुढे केला. तो धरून सासूबाई डब्यावरून उठल्या, खुर्चीत बसल्या, गुडघ्यांवर शाल घेतली आणि माझ्याकडे बघितलं.
‘मिळाले’ म्हणून सही मला करावी लागली.

दुपारी
माझी जाऊ सेक्रेटरी झाली. सात जणींपैकी एकीनेही तोंड उघडलं नव्हतं. भलत्या ठिकाणी यांना गुप्तता सुचते.
मिक्सर कॉटखालीच आहे. यादीत नाव असेपर्यंत काढता येणार नाही. आवाज फार होतो.
मावशी सकाळी दोन्ही हात काखेत घालून गेली. उपासनेलाही तशीच बसली होती, मागच्या बाकावर, दाराच्या वाऱ्यात. दुसरी असेलच घरी.
विचारायला गेले नाही.