चार नंबरच्या रुळावरचा निळा पत्रा

एल्क फोर्ड, आयोवा
गुरुवार, १४ मार्च १९६८

प्रिय लिबी,

कशी आहेस? मी बरा आहे. म्हणजे जेवतो, कामावर जातो. तुझे ताता दवाखान्यात म्हणून तू धावत घरी आलीस आणि मी भेटलो नाही, याचा राग धरू नकोस. अंगात ताप होता. हवं तर आमच्या घरमालकीणबाई मिसेस ग्रूबरना विचार. त्यांनी दोनदा कांद्याचं सूप माझ्या खोलीत पाठवलं आणि दोनदा तसंच परत नेलं.

इकडे बातमी एकच. आपली वॅप्सी व्हॅली रेल्वे एक एप्रिलला संपते. शिकागोची मोठी कंपनी तिला पोटात घेणार, सह्या झाल्या. चौऱ्याऐंशी वर्षं गावोगावचा मका वाहणारी आपली म्हातारी! तिची सुरुवात ताता डबा खाताना किती रंगवून सांगायचे, आठवतं? दोन धान्यवाल्यांचं भांडण. एकाने नदीपर्यंत रूळ टाकले, तर दुसऱ्याने हट्टाने पलीकडून टाकले. दोघांची गंगाजळी आटली, तेव्हा पोरापोरीचं लग्न लावून मधे पूल बांधला. "पहिलं विलीनीकरण चर्चमध्ये झालं, कॉलेजवाले," ते मला म्हणायचे, "दुसरं वकिलाच्या कचेरीत होतंय. त्यात केक नाही."

आपले हिरवे मालडबे आता करडे रंगवताहेत. परवा एकाचा रंग अर्धाच झाला होता आणि पाऊस आला. करडा ओघळून खालचं हिरवं वर आलं. सगळे हसले, मीही हसलो.

यार्डमास्तर डल्कीने भिंतीवर यादी लावलीय. एक एप्रिलला त्या यादीवर ज्याचं नाव असेल, त्याला मोठी कंपनी सहा वर्षं काढू शकत नाही. त्याआधी नियम मोडल्याबद्दल कुणाचं नाव कटलं, तर त्याला काहीच नाही. ताता यादीत वरून तिसरे. एकतीस वर्षं. मी खालून दुसरा.

तातांच्या अपघाताची चौकशी मंगळवारी, सव्वीस तारखेला, सकाळी दहाला डेपोत आहे. तू घाबरून जाऊ नकोस. डब्याखाली शिरण्याआधी निळा झेंडा लावला होता का, एवढंच विचारतील. या वयात माणूस एखादवेळी विसरतो. लोक समजून घेतील.

तू लिहिलं होतंस तो आयोवा सिटीचा डॉक्टर पुन्हा नाचायला बोलावतो का? मी कॉलेज सोडलं म्हणून मला नाचता येत नाही असं नाही.

फक्त तुझाच,
वेंडेल


मंगळवार, १९ मार्च

लिबी,

तुझं पत्र आलं. काय ते पत्र! नमस्कार नाही, चमत्कार नाही, थेट थोबाडीत. "ताता चर्चला जाताना पँट घालायला विसरतील, पण झेंडा विसरणार नाहीत. पुन्हा असं लिहिलंस तर तुझं पत्र न फोडता परत पाठवीन."

बरं. नाही लिहिणार.

पण मला नियम शिकवू नकोस. या यार्डात मला चिकटवलं कुणी? तातांनीच. प्रोफेसरच्या टेबलावर वही आपटून मी घरी आलो, माझ्या बापाने दार लावून घेतलं, तेव्हा तुझे ताता टोपी हातात घेऊन डल्कीसमोर उभे राहिले होते. पहिल्याच दिवशी त्यांनी मला चार नंबरच्या रुळाशी नेलं. सळईवरचा तो निळा पत्रा, म्हणजे आपला झेंडा, रुळाच्या तोंडाशी रोवला आणि म्हणाले, "हा दिसला की समजायचं, आत कुणाचा तरी बाप काम करतोय. इंजिन आणायचं नाही, डबा हलवायचा नाही. आणि काढायचा कुणी?"

"काम संपल्यावर कुणीही," मी म्हणालो.

"चूक! ज्याने लावला त्यानेच. मी मेलो तरी माझा झेंडा तू काढायचा नाहीस. प्रेसिडेंट स्वतः आला तरी त्याला म्हणायचं, साहेब, थांबा, होलुब जेवायला गेलाय."

हे मला पाठ आहे, लिबी. म्हणूनच म्हणतो, नको शिकवूस.

इथे मला बरं वाटत नाही. जिन्यावर कुणाचं पाऊल वाजलं की मी दिवा मालवतो. इंजिनवाला बर्ल पूर्वी माझी चेष्टा केल्याशिवाय सोडायचा नाही. आता नुसता बघतो. काल म्हणाला, "मी तुझ्या हाताच्या इशाऱ्यावर गाडी ढकलली, पोरा. मला वळणावरून तुझा हातच दिसत होता, बाकी काही नाही." मी म्हणालो, "मग?" तो म्हणाला, "मग काही नाही."

आणि मिसेस ग्रूबर माझ्या कपाटाला का हात लावतात? कॉलेजचा स्वेटर धुवायला मागत होत्या. मी एवढा ओरडलो की त्यांच्या हातातली बादली पडली. नंतर माफी मागितली. स्वेटर मळलेला नाही. तो मला धुवायचा नाही, एवढंच.

मी कुठे निघून गेलो तर? कॅलिफोर्नियात डबे जोडायला माणसं लागतात म्हणे. तू येशील?

नको. उत्तर देऊ नकोस.

वेंडेल


शनिवार, २३ मार्च, सकाळ

लिबी,

आता मी एका दमात लिहितो, नाहीतर पुन्हा पावसाची आणि रंगाची गोष्ट सांगत बसेन.

काल मी दवाखान्यात गेलो. इतके दिवस टाळलं, पण डल्कीने तातांसाठी कागद माझ्याच हाती दिला. "सही आणायची, बस. चौकशीआधी त्याने कबूल केलं तर वकिलांची कटकट वाचेल." त्यावर लिहिलं होतं की मी, आंतोन होलुब, झेंडा लावायला विसरलो.

तुझी आई खुर्चीत बसून गोड पाव खात होती, आपले कोलाचे. मलाही एक दिला, खसखशीचा. तो अजून कोटाच्या खिशात आहे. ताता उशीला टेकून बसले होते. उजवा हात बँडेजमध्ये. त्यात आता अंगठा आणि एकच बोट आहे, तू पाहिलंच आहेस. मला बघून हसले. "या कॉलेजवाले! एवढे दिवस कुठे होतात? मला वाटलं, मोठ्या कंपनीने तुम्हाला डायरेक्टर केलं."

मी कागद दिला. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला. आई म्हणाली, "सही केलीस तर मी घरी पाऊल ठेवू देणार नाही."

"थांब गं," ते म्हणाले. मग मला विचारलं, "वेंडेल, तू तिथेच होतास. मला आठवतं की मी रोवला. बर्फात सळई जात नव्हती, टाचेने ठोकली, हेही आठवतं. पण ते त्या दिवशीचं की आदल्या दिवशीचं? एकतीस वर्षं रोज तेच केलं, सगळे दिवस एकात एक मिसळलेत. तू सांग. तू पाहिलास का?"

मी म्हणालो, "नाही."

त्यांनी कागद मांडीवर सपाट केला. "मग नसेलच लावला. तू कशाला खोटं बोलशील?" आणि आईला म्हणाले, "पेन दे. डाव्या हाताने करतो."

लिबी, झेंडा होता.

आठ तारखेला, शुक्रवारी, दुपारी चारला, तो चार नंबरच्या तोंडाशी रोवलेला होता. आदल्या दिवशी तुझं पत्र आलं होतं, त्या डॉक्टरबद्दल. पाच वीसची बस पकडून आयोवा सिटीला यायचं, त्याला भेटायचं आणि चांगलं सुनवायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मक्याचे सहा डबे जोडून झाले की मी मोकळा. दुरुस्तीवाल्यांची पाळी साडेतीनला सुटते. मी ओरडलो, "कुणी आहे का आत?" वारा होता. उत्तर आलं नाही. मला वाटलं, विलीनीकरणाची सूचना वाचायला सगळे शेडमध्ये गेलेत आणि म्हातारा झेंडा तसाच विसरून गेला. म्हणून मी तो उपटला, कोटाच्या आत घातला आणि बर्लला हात केला.

डबे दोन हातसुद्धा हलले नाहीत. तो आवाज मी इथे लिहू शकत नाही.

ताता तिसऱ्या डब्याखाली ब्रेकचा ठोकळा बदलत होते. पाळी संपली तरी हातातलं काम टाकून उठले नव्हते. ते तसेच आहेत, हे मला ठाऊक होतं. त्या क्षणी ठाऊक नव्हतं, एवढंच.

डल्कीने विचारलं तेव्हा झेंडा माझ्या छातीला टोचत होता. मी म्हणालो, दिसला नाही. त्याने लिहून घेतलं, मी सही केली. एकदा केल्यावर रोज तीच करत राहिलो. पत्रातूनसुद्धा. तुला लिहिलं की या वयात माणूस विसरतो. ते वाक्य मी एकदाही न खोडता लिहिलं, लिबी.

आता झेंडा कपाटात आहे, स्वेटरमध्ये गुंडाळलेला. त्याच्या पाठीवर तातांनी खिळ्याने कोरलेली खूण आहे, त्यामुळे दुसऱ्या कुणाचा म्हणता येणार नाही. टोकाला टाचेने ठोकल्याचा चेपसुद्धा आहे.

त्यांनी सही केली. कागद मी डल्कीला दिला नाही, या पाकिटात घालतोय. फाडू नकोस, त्यांना परत दे. त्यांचाच आहे.

मला भीती वाटते. नोकरी जाईल याची नाही, ती जाणारच. शेरीफ नेईल याची वाटते, थोडी. बर्ल सगळ्यांसमोर मारेल याची. पण सगळ्यात जास्त तातांची वाटते. ते रागावणार नाहीत, मला माहीत आहे. ते म्हणतील, "मग मी लावला होता!" आणि त्यांना आनंद होईल. त्या आनंदासमोर मी कसा उभा राहू?

म्हणून मी स्वतःवर भरवसा ठेवत नाही. शूर आहे असं मला खूप दिवस वाटत होतं. पोस्ट बाराला बंद होतं, आत्ता साडेअकरा झालेत. हे पाकीट टाकलं की सोमवारी तुझ्या हातात, मग मला मागे घेता येणार नाही. मंगळवारी दहाला तू डेपोत ये. मी दाराजवळच्या बाकावर बसेन, मांडीवर स्वेटर असेल. डल्कीने विचारल्यावर मी उठून झेंडा टेबलावर ठेवीन. दहा वाजून पाच मिनिटांपर्यंत मी उठलो नाही, किंवा तो बाक रिकामा असला, तर हे पत्र तू मोठ्याने वाच. सगळं वाच. डॉक्टरचंही.

मला माफ कर असं लिहिणार होतो. खोडलं. ते आधी तातांकडे मागायचं, तुझ्याकडे नाही.

शेवटी नेहमीसारखं काही लिहीत नाही. खाली पूर्ण नाव घालतो, जबाबावर घातलं होतं तसंच. डल्कीकडे तो जबाब आहे. दोन्ही सह्या शेजारी ठेवून बघू देत.

वेंडेल ऑगस्ट क्राउस