हरलेल्या रविवारची भाकरी

प्रिय आत्याबाई,

काल आपला घोडकाठ फुटबॉल क्लब खाली गेला. अ गटातून ब गटात. आपल्या आणि जुन्नरच्या, दोन्ही तालुक्यांत बातमी कालच फिरली. तिथं वर तुमच्या शेजारी कोण बसलंय मला ठाऊक नाही, पण जुन्नरकडचं कुणी असलं तर ते तुम्हाला हीच गोष्ट हसत हसत सांगेल. त्याच्या तोंडून कळण्यापेक्षा सुनेच्या तोंडून कळलेलं बरं, म्हणून आज सकाळची कामं तशीच टाकून लिहायला बसले आहे.

हरलो कसं ते पुढं सांगते. आधी कबूल करायचंय ते करते. तुम्ही गेल्यावर माझ्या हातून एक चूक झाली. ती काल निस्तरली. पण वर्षभर ती चूक घेऊन मी तुमच्या फोटोला हार घालत होते, हे तुम्हाला कळायला हवं.

आठवतं का, मी लग्न होऊन कळंबजवळच्या या गावात आले त्याला महिनाही झाला नव्हता. रविवारची दुपार कलली होती. तुम्ही मैदानावरून आलात, पदर खोचलात आणि परात माझ्यापुढं सरकवली. "मंगल, पस्तीस भाकऱ्या लागतील. हरलीत पोरं." मला वाटलं कुणी गेलं की काय! पारगावला माझ्या माहेरी जिंकल्यावर पेढे वाटतात. हरल्यावर जेवण घालतात हे मी पहिल्यांदाच ऐकत होते. मी तसं म्हणाले, तर तुम्ही माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. "जिकल्याल्यांना गावातलं कुनीबी जेवू घालील. ह्यांना कोन इचारतंय?" एवढंच बोललात आणि मिरच्या निवडायला बसलात.

त्या दिवशी माझी बोटं भाजली. तुमचा क्लब हरायचा आणि हात माझे पोळायचे, हा कुठला न्याय? हे तेव्हा विचारायची छाती नव्हती, म्हणून आत्ता विचारते.

मग पीठ मळता मळता तुम्ही ती भुईमुगाची गोष्ट सांगितलीत. हायस्कूलला कोल्हापूरकडचे खेळाचे मास्तर आले, त्यांनी पोरांना फुटबॉलचं वेड लावलं, आणि नदीकाठच्या गायरानात खेळणारी ती पोरं चेंडूमागं तुमच्या भुईमुगात घुसायला लागली. एके दिवशी तुम्ही काठी घेऊन निघालात, आज एकेकाची पाठ सोलायचीच म्हणून. बघता तर अकरा पोरं सऱ्यांमध्ये मान खाली घालून बसलेली. मंचरला जाऊन सात गोल खाऊन आली होती. घरी गेलं तर बाप विचारणार, म्हणून कुणी उठेना. सकाळपासून पोटात काही नाही. त्यात तुमचा बाळूही होता, म्हणजे आमचे हे. "मारायला गेले आन् भाकरी घालून आले," तुम्ही म्हणायचात. ती काठी शेवटपर्यंत फाटकाशी टेकून होती, आणि तिचा मार कुणीच कधी खाल्ला नाही.

पहिला सामना बघायला गेलात तेव्हाचा प्रश्नही गावाला अजून पाठ आहे. "त्या जाळीपाशी येकट्याच पोराला का हुभा केलाय? तापबीप हाय का त्याला?"

पुढं तेच पोरगं दोन तालुक्यांत कुणाला गोल करू देईना. सलग नऊ वर्षं लीगची ढाल आपल्या गावात राहिली आणि आपल्या घरात, देवघराच्या वरच्या फळीवर. हरणं इतकं कमी झालं की पिठल्याचं मोठं पातेलं माळ्यावर गेलं आणि त्यात कोळ्यांनी घरं केली. खरं सांगू का आत्याबाई, मी क्लबच्या मागं लागले ती भाकऱ्यांच्या भीतीनं. रविवार उजाडला की भीमाशंकराला हात जोडायचे, "देवा, आज दोन गोलनं तरी जिंकू दे." तुम्ही बायकांना सांगत सुटलात, आमच्या सुनेची क्लबवर लई भक्ती हाय म्हणून. पुढं पुढं सामना चालू असताना भाकऱ्या डोक्यातून निघूनच जायला लागल्या. कधीपासून ते मला सांगता येणार नाही.

आणि ती ढाल! दर दसऱ्याला तुम्ही ती बाकीच्या पितळी भांड्यांबरोबर चिंच आणि राखेनं घासायचात. घासून घासून नऊ वर्षांत तिच्यावर रंगानं लिहिलेली सगळी नावं गेली. दहाव्या वर्षी ढाल जुन्नरकडच्या संघाला द्यायची वेळ आली, तर ती आरशासारखी लखलखीत आणि कोरी. त्यांचा कप्तान तणतणला, "मुद्दाम पुसलीत तुमी नावं." तुम्ही म्हणालात, "बाबा, नऊच्या नऊ नावं आमचीच व्हती की. आता तुजं लिव्ह, जागा लई हाय." अख्खं मैदान हसलं, तोही हसला. हरलेल्या दिवशी इतक्या ताठ मानेनं परत आलेलं गाव मी दुसरं पाहिलं नाही.

त्या दिवशी पातेलं खाली उतरलं. पुढं ते वर चढायचं बंदच झालं.

जुनी पोरं चाकणला कंपन्यांत लागली. रविवारीही शिफ्ट, मग सामना कसला? कुणी पुण्याला गेलं. हायवेच्या बाजूला नवा क्लब निघाला, एका रंगाचे बूट, बाहेरून आणलेले खेळाडू, स्वतःची बस. आपल्याकडं कडेला बसणारी माणसं पातळ झाली. गंमत अशी, की सगळ्यात जास्त गुलाल उधळणारे सगळ्यात आधी गेले. त्यात आमचे हेही. ज्यांनी क्लबकडून डाव्या बाजूनं खेळत बूट झिजवले, त्यांनी नव्या क्लबचा झेंडा पिकअपला लावला. वर मला शहाणपण शिकवलं, "अगं, चांगला खेळ बघायला काय हरकत हाय?" तुम्ही त्यांना एका शब्दानं बोलला नाहीत. तो झेंडा दिसला की फक्त दुसरीकडं बघायचात.

तुमचं गोणपाट मात्र रेषेच्या कडेला, त्याच जागी. खोकला होता, गुडघे धरले होते, तरी जायचात. संघ हरायचा आणि तुम्ही येऊन परात ओढायचात. एकदा मी चिडले. म्हणाले, "आत्याबाई, पुरे आता. ही पोरं हरायला सोकावलीत. भाकरी मिळते म्हणूनच हरत असतील." तुम्ही म्हणालात, "सोकावू दे. उपाशी तर न्हाई राहत." आणि त्या गुडघ्यांनी स्वतः मळायला बसलात. मी परात ओढून घेतली, सगळ्या भाकऱ्या थापल्या. पण बोललेलं परत घेतलं नाही. ते आज घेते. चुकलं माझं.

आता ती मोठी चूक. तुमचं तेरावं झालं, त्यानंतरच्या रविवारी क्लब हरला. संध्याकाळी फाटकाशी मोटारसायकली थांबल्या. सोमा, आपला कप्तान, आणि त्याच्यामागं पोरं, मळलेल्या कपड्यांत. मी खिडकीतून बघितलं. चूल पेटलेली नव्हती. त्याच आठवड्यात पातेलं मी माझ्या हातानं माळ्यावर ठेवलं होतं. म्हटलं, संपलं आता, आत्याबाईंबरोबर गेलं सगळं. सोमानं थंड चुलीकडं बघितलं आणि म्हणाला, "काकू, आमी फकस्त आजीच्या पाया पडाया आलो व्हतो." तुमच्या फोटोला हात जोडून सगळे आल्या पावली निघून गेले.

तो खोटं बोलत होता आणि मला कळत होतं. 'बसा' एवढा शब्द माझ्या तोंडून निघाला नाही. पिठाचा डबा भरलेला होता, आत्याबाई. मीच रिकामी झाले होते.

त्यानंतर हरून येताना पोरं आपल्या दारावरून जायची ती गाडी हळू न करता. या हंगामात तर एकदा नऊ जणांनीच खेळून घेतलं. आणि गेल्या मंगळवारी सोमा एकटा आला. मी चहा ठेवायला लागले, तर म्हणाला, "चहा नको. आजीला सांगायला आलोय." फोटोपुढं उभा राहून म्हणाला, "आजी, रविवारी हरलो तर खाली जाणार. मंग मी लीगमधून क्लबचं नाव काढून घेतो. पोरं गोळा व्हत न्हाईत. तुला इचारल्याबिगर कसं करायचं, म्हनून आलो." माझ्याकडं वळून बघितलंही नाही त्यानं. का बघावं?

काल मी जुन्नरला गेले, सामना नव्या क्लबशीच होता. तुमचं गोणपाट घेऊन. यांना विचारलं, येता का? "मला कांदा भरायचाय," म्हणाले. मीही जास्त विचारलं नाही. भाकऱ्या आधी करून ठेवल्या नाहीत, कारण तुमचा नियम मला माहीत आहे. शेवटची शिट्टी वाजायच्या आत तवा ठेवायचा नाही, अवलक्षण असतं ते.

ऊन मी म्हणत होतं. समोर शिवनेरी आणि पलीकडच्या कडेला नव्या क्लबचे ढोल. आपल्या कडेला आम्ही पाच-सहा जण. पहिल्या अर्ध्यात दोन गोल बसले. दुसऱ्यात आपण एक फेडला, आणि तिथून पुढं आपली पोरं जी खेळली ना! चाकणहून रात्रपाळी करून आलेली, डोळे तारवटलेले, एकाच्या बुटाचा तळ सुतळीनं बांधलेला. मी उभी राहून ओरडत होते. बायामाणसानं एवढं ओरडू नये असं कुणीतरी मागं पुटपुटलं. मी आणखी ओरडले. शेवटच्या मिनिटाला सोमाचा चेंडू खांबाला लागून बाहेर गेला आणि शिट्टी झाली.

पोरं जिथल्या तिथं खाली बसली, मान खाली घालून. तुमचा भुईमूग मी कधी पाहिला नाही, पण काल पाहिला. मी सरळ मैदानात गेले. चपला घालून गेले, माफ करा. म्हणाले, "उठा. भाकऱ्या थापायच्यात, लाकडं कोण फोडणार?"

सोमा म्हणाला, "काकू, आमी हरलोय."

"मग? जिंकलेल्यांना या घरानं कधी घातलंय?"

कुणी हसलं नाही. पण एक उठला, मग दुसरा.

पुढचं ऐका. टेम्पोतून घराशी उतरलो तर अंगणातून धूर. चुलीवर मोठं पातेलं, घासून लख्ख केलेलं, आणि पुढं तुमचे चिरंजीव, मिरचीच्या फोडणीनं ठसकत. मला बघून म्हणाले, "ग्रूपवर शिट्टी झाल्याचं वाचलं, मंगच पेटवली. आधी न्हाई." गरम पातेलं त्यांनी कशानं धरलं होतं सांगू? नव्या क्लबच्या झेंड्यानं. पिकअपचा काढून त्याचं फडकं केलं होतं. मी परात ओढली. तर हे शेजारी बसले आणि पीठ मळायला लागले, भावकीदेखत! हळूच म्हणाले, "त्या भुईमुगात आईनं पयली भाकरी मलाच दिली न्हाई. आधी बाकीच्या धा जनांना दिली. मी लई रडलो व्हतो." ही गोष्ट तुम्ही मला कधी सांगितली नव्हती.

दिवेलागणीला पोरांची पंगत बसली. सोमा तिसऱ्या भाकरीवर होता. मान वर न करता त्यानं विचारलं, "काकू, ब गटात किती मॅची असत्यात?"

हे म्हणाले, "अ गटापरीस दोन जास्त."

"मंजी पीठ जास्त लागंल," सोमा म्हणाला. आणि चौथी भाकरी मागितली. नाव काढून घ्यायची गोष्ट तिथंच मिटली, आत्याबाई.

नऊ वर्षं ढाल फळीवर होती तेव्हा मला या क्लबचा अभिमान वाटायचा. पण काल माझ्या अंगणात हरून आलेली ती पोरं जेवत होती, तेव्हा जेवढा वाटला तेवढा कधीच वाटला नव्हता. आपण कुणाच्या घरी सून म्हणून आलो होतो, ते मला काल कळलं. उशीर झाला, पण कळलं.

आता शब्द देते. पातेलं पुन्हा माळ्यावर जाणार नाही. तुमचं गोणपाट रेषेच्या कडेला राहील, आणि त्यावर मी. शिट्टीआधी तवा ठेवणार नाही. हरून येतील त्यांना उठवून जेवू घालीन, मग ते क गटात गेले तरी चालेल. आणि ज्या रविवारी जिंकून येतील त्या रविवारी फाटकातूनच हाकलून देईन, गरज पडली तर तुमच्या काठीनं. तो दिवस जरा लवकर येऊ द्या, एवढं तिथून बघा. हात फार पोळलेत हो.

ब गटातल्या घोडकाठची,
आणि तुमची,
मंगल