'हाजमा'खालची लाल रेघ

परंडा, गुरुवार संध्याकाळ

माझा जीवशास्त्राचा जादा तास कसा वाटतो, ते हेडमास्तरांनी मॅट्रिकच्या पोरांकडून बिननावाच्या चिठ्ठ्यांवर लिहून घेतलं. एकानं लिहिलंय, 'पचनसंस्था समजली नाही. सर चिडून हाजमा म्हणाले, तेव्हा समजली.' हेडमास्तरांनी नेमकी 'हाजमा'खाली लाल रेघ मारली. "मास्तर, निजामाचं राज्य गेलं. आता मराठीतून शिकवा." मग मी काय करतोय? सगळं शिक्षण उर्दूत झालं, तरी वर्षभर मराठी शब्द घोकतोय! अन् पोरानं ही तक्रार केली की शाबासकी दिली? लाल रेघ मात्र मलाच. जेवणावरची वासनाच गेली, ताट सारलं. तर बायको म्हणते, "का हो, हाजमा बिघडला का?"

आता हिच्या बोलण्याखाली रेघ कोण मारणार?